लखनचा पीसी आन् सोनबांचा हात

आमच्या लखनला वेगाचं लई वेड. धाकटा भाऊ म्हणून सांगत न्हाय, पण माळेगावात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग त्याच्याइतकं झटपट कुणी करत न्हाय. महागातला पीसी जोडून आणला आन् लाडानं त्याला वर्कस्टेशन, म्हंजे मोठ्या कंपन्यांतलं भारी मशीन, म्हणायला लागला. बारामतीचा सुयोग, कॉम्प्युटरवाला, त्यावर हसायचा. वेग कितीबी असू दे, म्हणायचा, खऱ्या वर्कस्टेशनची मेमरी आपली चूक आपण पकडती. तुझं मशीन चुकलं तर तुला कळणारबी न्हाय. मग दोघांची अशी जुंपायची, की मी आणलेला चहा गार व्हायचा.

गेल्या मार्गशीर्षात कोऱ्हाळ्याची निकिता लखनच्या दुकानात आली. संगं भिमाकाका, तिचा चुलता. बाप सोनबा वारलेला, ती त्याला आबा म्हणायची. काकांनी बघितलेल्या स्थळाबद्दल मरताना आबा त्यांना म्हणाले, पोरीला ह्याच घरात दे, म्हणून ती लग्नाला उभी राहणार होती. न्हायतर ह्या लग्नात माझं मन न्हाय, हे तिनं तोंडावर सांगितलं. मंडपातल्या पडद्यावर आबांनी हात वर करून आशीर्वाद द्यावा, एवढंच तिला पाहिजे होतं. हल्ली कॉम्प्युटरवर फोटोवरून मेलेलं माणूस हलवता येतं. मला पटत न्हाय, पण माझं ऐकतो कोण.

लखननं फोटो घातला, आशीर्वादाचा हात मागितला. पीसीनं बघता बघता व्हिडिओ काढला. सोनबांचा हात वर आला आन् आडवा हलला. नको, नको. परत काढला, परत तेच.

सुयोगला आयतंच सापडलं. मेमरीची चूक, म्हणाला, आणा माझ्याकडं. त्याच्या ऑफिसात दुप्पट किमतीचं खरं वर्कस्टेशन. त्याच्यावरबी तोच हात, तसाच आडवा, उलट वेळ जास्त लागला. सुयोगचं तोंड उतरलं. मेमरीची चूक दोन मशीनवर एकसारखी होत न्हाय, म्हणाला, तुझा पीसी वर्कस्टेशनच्या तोडीचा हाय. हेच ऐकायला माझा भाऊ तडफडत होता, पण त्याला हसू आलं न्हाय.

मी म्हणलं, साधा फोटोच लाव, पोरीचं लग्न मोडायचं पाप कशाला डोक्यावर घेतो. लखन हटून बसला. निघालंय तेच दाखवणार.

निकितानं बघितलं. रडली न्हाय. चुलत्याकडं वळून हळूच म्हणाली, "काका, आबा तसं बोलले तवा तितं अजून कोण होतं?"

भिमाकाकांनी तिच्याकडं बघितलंच न्हाय. त्यांनी पडद्यापुढं हात जोडले.

"चुकलो, दादा. आता हात खाली घे."

लखननं व्हिडिओ तर मघाच बंद केला होता.