पूर्वेच्या दारातला कॅमेरा

वाघानं आमचा कुत्रा नेला आणि माझ्या दारात कॅमेरा आला. आमच्या भागात बिबट्याला वाघच म्हणतात. ओझरच्या अलीकडे आमचा मळा, घराच्या पाठीमागं उसाचा फड. वाघ आला तो त्या फडातूनच, हे पावलं बघून शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तरी कॅमेरा बसला पुढच्या दारावर. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाचं म्हणणं असं, की आई दिवसभर ओट्यावर असते, तेव्हा ओटा दिसला पाहिजे. म्हणजे वाघ राहिला बाजूला आणि पहारा बसला माझ्यावर. वनखात्यानं फडाच्या कडेला पिंजराही लावला होता. वाघ काही त्यात शिरला नाही. तो शहाणा.

लगेच फोन सुरू झाले. आई, उन्हात डोक्यावर काही न घेता का बसलीस? आई, तो भांडीवाला एवढा वेळ काय बोलत होता? आई, तू मघाशी रडत होतीस का? रडते कशाला, मी कांदा चिरत होते. काळजीच होती ती, मी नाही म्हणत नाही. पण पाठ खाजवायची तरी आधी वर बघावं लागे. आमच्या ह्यांच्या फोनवरही तेच चित्र. डेअरीवर दूध घातलं की चारचौघांना दाखवायचे. दसऱ्याला त्यांनी ट्रॅक्टरची पूजा केली आणि कॅमेऱ्याच्या काचेलाही कुंकू लावलं. मुलाला दिवसभर सगळं घर लाल दिसत होतं. तेवढा एक दिवस बरा गेला.

एरवी सुटका होती ती सकाळची. आमचं दार पूर्वेला. इकडं घर बांधताना कुणी दुसरी दिशा विचारतच नाही. उन्हं आली की ती थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात शिरत आणि चित्र पांढरंफटक पडे. माणूस दिसायचं, पण काळं. तोंड कळायचं नाही, साडीचा रंग कळायचा नाही. सूर्य पत्र्याच्या वर जाईपर्यंत मला कुणी बघत नव्हतं.

आणि त्याच वेळी माझी धाकटी जाऊ यायची.

तिचं घर आमच्या समोर, बांधापलीकडं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचा अबोला पडला, त्याला किती वर्षं झाली ते आता दोघांनाही सांगता येणार नाही. एकमेकांच्या मयताला जायचं, चहाला जायचं नाही, अशी आमची भावकी. बायकांनी बोलू नये असं कुणी सांगितलं नव्हतं; ते धरूनच चाललेलं. पण हे दूध घेऊन गेले आणि तिचा नवरा रानात गेला, की ती पदराखाली वाटी झाकून बांधावरून यायची. वाटण्या झाल्या तेव्हा सासूबाईंचं नाव कोरलेल्या वाट्याही निम्म्यानिम्म्या झाल्या होत्या. त्यातली एक आमच्या दोघींत फिरायची. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा आपला रिवाज. ती शेंगदाण्याची चटणी आणायची, मी मासवडी भरून द्यायचे, म्हणजे पुन्हा तिची पाळी. पुरुषांना पाण्याची पाळी जमली नाही. आमची वाटीची पाळी कधी चुकली नाही.

बोलणं काय, गुडघ्यांचं, पोरींचं. तिच्या दोन्ही मुली लांब दिलेल्या, माहेर आणे गावच्या पठारावर, तिथंही आता कुणी राहिलं नाही. चहाची कपबशी हातात घेऊन ती कधी कधी नुसतीच बसायची. दिवसभरात माझ्याशी मोकळं बोलणारं माणूस ते एकच. मलाही दुसरं नव्हतं.

एकदा मुलाचा फोन आला, तो हळू आवाजात बोलत होता. म्हणाला, "आई, तुला सांगणार नव्हतो. रोज सकाळी दारात कुणीतरी येतं. नुसतं काळं दिसतं. ओट्यावर बसून राहतं. तू एकटी असतेस."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. खरं सांगावं, तर पोरगा सरळ. त्याच्या पोटात काही राहत नाही, तो बापाला बोलणार. म्हटलं, कुणी ताकाला येतं. तो म्हणाला, रोज? आणि त्यानं ठरवूनच टाकलं, की उन्हासमोर चालणारा दुसरा कॅमेरा घ्यायचा.

नारायणगावचा कॅमेरेवाला बघायला आला. तो भला माणूस. म्हणाला, उन्हाकडं तोंड करून कॅमेरा लावूच नये, कोपऱ्यावरून उत्तरेला वळवा. मी लगेच हो म्हटलं. फोनवरून मुलगा म्हणाला, मग ओटा कुठं दिसतो? मी म्हटलं, फडाकडं लावा, वाघ तिकडून येतो. मुलगा म्हणाला, वाघ रोज येत नाही. मग कॅमेरेवाल्यानं वरून लावायची टोपी दाखवली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की कोवळं ऊन टोपीखालून शिरतंच, तिचा सकाळी उपयोग नाही. मला टोपी फार आवडली. मी टोपीच घ्या म्हणून हट्ट धरला. हे माझ्याकडं बघायला लागले, की हिला कधीपासून टोप्या कळायला लागल्या. शेवटी नवाच कॅमेरा ठरला: ऊन आणि सावली दोन्ही धरणारा, उन्हात उभ्या माणसाचंही तोंड दाखवणारा.

बसवायला तो सकाळीच आला. उन्हातच तपासायला हवा ना. त्या दिवशी ह्यांनी दूध गड्याबरोबर पाठवलं आणि स्वतः थांबले. जावेला निरोप कसा द्यायचा? तिच्या घरातला फोन तिच्या नवऱ्याच्या खिशात. मी गोठ्याकडं जायचं निमित्त काढलं, तर ह्यांनी हाक मारली, की इकडं ये, तुझ्या दारातला आहे, तूच बघ. शिडीवर कॅमेरेवाला, फोनवर पुण्याहून मुलगा, आणि मी ह्यांच्या खांद्यामागं उभी.

आधी सगळं पांढरं होतं. मग त्यानं वर काहीतरी केलं आणि चित्र उमटलं. तुळस दिसली, दोरीवरचे कपडे, बांधावरचं गवत. आणि बांधावर माझी जाऊ, पदराखाली वाटी. तिच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा दिसत होतं. तिनं शिडी पाहिली, आम्हाला पाहिलं. खाली वाकून वाटी बांधावर ठेवली आणि माघारी वळली.

"बगा भाऊ, तोंड कसं स्वच्छ आलंय," कॅमेरेवाला वरून म्हणाला.

हे फोनकडं बघत राहिले. कधी समोरासमोर आले, की ती पदर पुढं ओढणार, हे मान वळवणार. थोरल्या दिरासमोर तशीच रीत आणि वर अबोला. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं तोंड नीट पाहिलं नसेल.

"लई वाळलीय," ते म्हणाले.

एवढंच. मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर मी चार शब्द बोलून तरी मोकळी झाले असते. रात्री मुलानं फोन केला. "आई, काकू येते हे आधी सांगायचंस ना. मी जुनाच राहू दिला असता." मी फोन ठेवून दिला. मला त्याचा राग आला, त्याच्या शहाण्या कॅमेऱ्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो ह्यांचा. कारण ती येईना, आणि हे डेअरीवरून आले की चहा पिताना फोन चाळायचे आणि म्हणायचे, "आज बी आली न्हाई."

मी म्हटलं, मग भावाला हाक मारा.

"ते नाय जमायचं," म्हणाले.

बांधावरची वाटी मी उचलून आणली होती, म्हणजे पाळी माझी. मी थोरली, आणि थोरलीनं आधी जायचं नसतं, म्हणून आजवर बांध तिनंच ओलांडला होता. एका सकाळी मासवडी केली, वाटी भरली आणि ओट्यावरून उतरले. बघू दे कुणाला बघायचं ते. बांधावर पोचले आणि थांबले. त्यांच्या मागच्या भिंतीवर, बांधाकडं तोंड करून, नवा कोरा कॅमेरा. अगदी आमच्यासारखाच. थोरल्यानं आपल्या बाजूला लावला म्हटल्यावर धाकटा मागं कसा राहील? कॅमेरेवालाही तोच आला असणार, आणि मावळतीचं ऊन तोंडावर येतं म्हणून तसलाच देऊन गेला असणार.

जाऊ मागच्या दारात आली. तिनं आधी वर कॅमेऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी वाटी बांधावर ठेवली आणि परत फिरले.

आता असंच चालतं. मी ठेवते, ती नेते. ती ठेवते, मी आणते. दोघींपैकी कुणी थांबत नाही. दोन घरांतले दोन फोन, आणि दोन्हींत मधोमध ती वाटी, उन्हात लख्ख दिसणारी.

परवा मुलानं विचारलं, "आई, बांधावर रोज ती वाटी कुणाची असते?"

मी म्हटलं, "तुझ्या आजीची."