आठ दिवसांचं घर

"गेट बारीक हाय. डावा आरसा सांभाळ."

मी उदयपूरला जाणार होतो, लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोला घेऊन. म्हटलं, आमच्या गोदामातले ड्रायव्हर काका दहा वेळा जाऊन आलेत, त्यांना विचारावं गाव कसं आहे. तंबाखू मळता मळता त्यांनी बराच विचार केला आणि मग हे उत्तर दिलं. मी म्हटलं, "काका, तिथे तलाव आहे ना मोठा?" ते म्हणाले, "असंल."

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या ज्या गोदामातून माल रवाना करायचं काम मी बघतो, तिथे काका तेरा वर्षं ट्रक चालवत होते, त्याआधी दुसरीकडे. जयपूर विचारा, कोईमतूर विचारा, त्यांना तिथल्या गोदामाचं फाटक आठवायचं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याने सगळा देश पालथा घातला आणि पाहिलं काहीच नाही.

खरं तर काकांना ट्रक चालवायची गरज नव्हती. आमचं गोदाम उभं आहे ती त्यांच्या वडिलांची भाताची खाचरं. दर महिन्याला भाडं घरपोच येत होतं. लोक विचारायचे, आता कशाला हाडं मोडून घेता? त्यावर ते म्हणायचे, "घरी बसून काय करू?" आम्ही सगळे हसायचो. काकींना हे उत्तर कसं लागत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नाही. दिवाळीतली ट्रिप कुणी घ्यायला तयार नसे, काका घ्यायचे, आणि मी ती बिनदिक्कत त्यांच्या नावावर लिहायचो.

एका सकाळी ते चहाचा ग्लास घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि चक्क खुर्ची ओढून बसले.

"ती चाललीय नाशिकला. लेकीकडं. कायमची."

"भांडण झालं का?"

"भांडाया मी घरी कुठं असतो?"

काकींनी आवाजही चढवला नव्हता. एकटीनेच राहायचं तर लेकीजवळ राहते, म्हणाल्या. पोटासाठी जात असता तर सोसलं असतं, पण तुम्ही हौसेने जाता. काकांनी त्यांच्याकडे आठ दिवस मागून घेतले होते. आठ दिवस तुला फिरवतो, समुद्र दाखवतो, आठव्या दिवशी तू म्हणशील तिथे सोडतो. घरी, नाहीतर नाशिकला.

त्यासाठी त्यांनी एक जुना बंद टेम्पो घेतला आणि शेजारच्या कोन गावातल्या एका गाड्यांची बॉडी बांधणाऱ्याकडे नेऊन उभा केला. महिनाभर ते तिथेच पडून असायचे. आत पलंग झाला, दोन शेगड्यांचा ओटा झाला, पाण्याची टाकी बसली, आरटीओचे कागदही रीतसर झाले. मागे काचेची दोन मोठी दारं बसवली. "हे उघडलं की पुढ्यात समुद्र," असं म्हणून ते हवेतच दोन्ही हातांनी दारं उघडून दाखवायचे. गावातली पोरं गाडीला मोटारहोम म्हणायला लागली. काकी एकदाच येऊन बघून गेल्या. "घरात राहवंना, म्हणून घरालाच चाकं लावली," एवढंच बोलल्या, आणि हसल्या नाहीत.

दोघं निघाली त्या संध्याकाळी मला काकांचा फोन आला. पोचलं की कळवायचं, सवयच ती. "पोचलो हाय. माल शाबूत."

"माल कुणाला म्हणता?" मागून काकींचा आवाज आला आणि फोन त्यांच्या हातात गेला. "अरे, अलिबाग गेलं, मुरूड गेलं, मिनिटभर कुठं थांबले न्हायत. मी मागं भांडी धरून बसलेली. हे उतरतात ते टायर ठोकायला."

दुसऱ्या दिवशी गाडी जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीत, चढून खाडीपलीकडे गेली. काका म्हणाले, "एकदम मस्त." काकी म्हणाल्या, "व्हय, भिंत मस्त हाय." मला काही उलगडेना.

तिसऱ्या दिवशी उलगडलं. गोदामाचा ड्रायव्हर गाडी कशी लावतो हे तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. तो गाडीचं तोंड मोकळ्या बाजूला ठेवतो आणि मागची बाजू डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या ओट्याला, चिकटवतो. बोटभर फट राहिली तरी त्याला चैन पडत नाही. काकांनी कोकणातही प्रत्येक मुक्कामी तेच केलं होतं. तोंड समुद्राकडे, पाठ कुणाच्या तरी कुंपणाला. स्वतः केबिनमध्ये बसून आरामात लाटा बघत होते, आणि मागे काकींना त्या हौसेच्या काचेतून वीतभर अंतरावर चिऱ्यांची भिंत दिसत होती.

त्या दुपारी गुहागरजवळच्या एका माडाच्या वाडीत भिंत पुन्हा दिसली तेव्हा काकी खाली उतरल्या, वाळूत जाऊन बसल्या आणि त्यांनी मला फोन लावला. "यांना सांग, मला उद्याच नाशिकला सोडा. भिंतीच बगायच्या तर लेकीकडं चार हायत."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. तेरा वर्षं त्या डॉकवर उभा राहून "मागे घ्या काका, अजून मागे, अजून" असं ओरडणारा मीच होतो. मी काकांना फोन द्यायला सांगितलं.

"काका, गाडी उलटी लावा. तोंड भिंतीकडे."

"निघताना मागं घ्याया लागंल."

"मग घ्या. कुठली ट्रिप चुकतेय?"

फोनमधून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. त्यानंतर त्यांचा फोनच आला नाही. दोन दिवस मला धाकधूक वाटली, मग वाटलं की हे बरंच लक्षण आहे.

पुढचं त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. मागची दारं उघडून दोघं पलंगावरून पाय सोडून बसायची. काकी बोलायच्या, काका ऐकायचे. बोलता बोलता चादरींचा विषय निघाला. प्रत्येक ट्रिपहून काका बायकोसाठी चादर आणायचे, सोलापूरहून, पानिपतहून, जिथे जातील तिथून. कपाटात मावेनात म्हणून काकींनी त्या माळ्यावर टाकल्या होत्या. "भिवंडीत राहून बाहेरून चादर आणणारे तुमी एकलेच," त्या म्हणाल्या. "इथं घराघरात लूम हाय." हे सांगताना काका खरोखर चकित झालेले होते. "सायेब, माझ्या डोक्यातच आलं न्हाय कधी." काकींना उजव्या कानाने दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं, हेही त्यांना तिथेच कळलं. तोवर त्यांना वाटत होतं, ही ऐकूनही उत्तर देत नाही.

आठव्या दिवशी काकी पुढे, केबिनमध्ये बसल्या होत्या. ठाणं मागे टाकून गाडी माणकोली नाक्याशी आली. तिथून डावीकडे गेलं की घर, म्हणजे वळ, सरळ गेलं की नाशिक. काकांनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "सांग."

"सरळ."

शेवटचे पाच दिवस छान गेले होते, काकींनी स्वतःच तसं कबूल केलं. "पण गाडीत तुमी होता. त्या घरात मी एकलीच असते. परत तिथं शिरायची मला भीती वाटते." काकांनी वाद घातला नाही. शब्द दिलेला होता. कसाऱ्याचा घाट चढताना काकींनीच विचारलं, "तुमी एकले काय करणार?"

"तू काय करायचीस?"

"वाट बगायचे."

दुसऱ्या दिवशी गोदामात येऊन काकांनी गेटपास कायमचा परत म्हणून माझ्या टेबलावर ठेवला. मला काकींचा राग आला होता आणि मी तसं बोलूनही गेलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "तिनं तीस वर्षं केलं. आता माझी ड्युटी."

आता डॉकवर दुसरे ड्रायव्हर येतात. चांगले आहेत, गप्पाही मारतात. तरी मला काकांची आठवण येते, आणि दिवाळीच्या ट्रिपवर कुणाचं नाव लिहिताना हात अडतो. शिफ्ट संपली की कधीमधी मी त्यांच्या घरावरून जातो. ते पडवीत बसलेले असतात. तांदूळ निवडायला शिकलेत, खडे तसेच राहतात. परवा मी विचारलं, काकींचा फोन येतो का.

"रोज येतो. जेवलात का विचारते. मी सांगतो, जेवलो. मग तिला काय बोलावं सुचत न्हाय, मला पण न्हाय."

"मग?"

"मग काय, फोन कोण ठेवत न्हाय."