अशरफ तांडेल आणि जुन्या खोरातली सुकती

अशरफ मुकादम बाणकोटच्या खाडीवर वाढला. वडील होडी चालवणारे तांडेल, आजाही तांडेल. कुवेतला आल्यावर दोन वर्षं त्याने मासळीबाजारात बर्फ फोडला, मग खैरानला समुद्रकाठचे सुट्टीचे बंगले, म्हणजे शॅले, भाड्याने देणाऱ्या एकाची सहलीची बोट त्याच्या हाती आली. सोळा वर्षं तो तीच फेरी मारत होता. आधी नवे खोदलेले कालवे, त्यांच्या काठचे बंगले, आणि शेवटी जुना खोर. खोर म्हणजे वाळवंटात शिरलेली खाडी. मोती काढणाऱ्या होड्या वाऱ्याच्या दिवसांत इथे आसऱ्याला येत, असं तो प्रवाशांना सांगे. त्या पाण्याचा तळ त्याला पाठ होता. म्हणूनच एप्रिलातल्या त्या शुक्रवारी जे झालं, त्याला मी अपघात म्हणणार नाही.

मी त्या बोटीत होते. कुवेत शहराजवळच्या हवल्लीहून आम्ही सात जण आलो होतो. सहल ठरवली होती बँकेतले माझे वरिष्ठ, सदानंद सर यांनी. धक्क्यावर अशरफने आधाराला हात पुढे केला.

"या वहिनी, सावकाश. लाकूड ओलं हाय."

सरांच्या बायकोला, मंदावहिनींना, आनंद झाला. "अय्या, मराठी! कुठले तुम्ही?"

"बाणकोट."

"मंदा, पुढे चल," सर म्हणाले. "आपल्याकडचे म्हणून गोड बोलतात आणि मग चिकटतात." आवाज मुळीच खाली नव्हता. मग अशरफकडे वळून हिंदीत, "कितना टाइम लगेगा?"

"दोन तास," अशरफ मराठीतच म्हणाला.

पुढे हेच चाललं. सर हिंदीत हुकूम सोडायचे, तो मराठीत तोडून उत्तर द्यायचा. सरांनी लाइफ जॅकेट घालायला नकार दिला तेव्हा अशरफने इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घालून बसला. पाच मिनिटांनी सरांनी जॅकेट घातलं. तेव्हापासून दोघांच्या तोंडावर निव्वळ द्वेष होता.

खोराच्या तोंडाशी त्याने बोट वळवायला घेतली. "आत जात नाय. सुकती लागली हाय. पाणी उतरतंय, मधली चिखलाची भाटी वर येईल."

सरांनी सरळ बोटीच्या मालकाला फोन लावला. जाहिरातीत जुना खोर लिहिलाय, तुमचा माणूस कामचोर आहे, वगैरे. मग फोन अशरफच्या कानाला धरला. पलीकडून मालक वैतागून ओरडला, "खलास, पुरे झालं! घेऊन जा त्यांना."

अशरफने सरांकडे एकदा पाहिलं. मग बोट आत घातली, आणि वेग कमी केला नाही.

बोटीचा तळ भाटीवर करकरला आणि आम्ही सगळे पुढे फेकले गेलो. मंदावहिनींची हनुवटी कठड्यावर आपटली. रक्त साडीवर आलं.

"मुद्दाम केलंस तू!" सर किंचाळले.

"आता आली मराठी?" अशरफ म्हणाला.

पुरुष गुडघाभर चिखलात उतरले, रेटा दिला. बोट हलली नाही. सर आणि अशरफ एकाच बाजूला खांदा लावून एकमेकांना शिव्या देत होते. शेवटी भरतीची वाट पाहण्यावाचून इलाज उरला नाही. साडेचार तास डोक्यावर ऊन. अशरफने शीतपेटीतला बर्फ फडक्यात बांधून वहिनींपुढे धरला. त्यांनी तो हात झटकला. "लांब व्हा माझ्यापासून." बर्फ चिखलात पडला. त्यानंतर तो बोटीच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसला, तो पाणी चढेपर्यंत.

धक्क्यावर मालक उभा होता. सरांनी तक्रार केली, पण मालकाचा कल अशरफकडेच दिसला. सोळा वर्षांत एकदाही असं झालं नाही, तो म्हणाला, आणि आत जायचा हट्ट तुमचाच होता. अशरफ गप्प राहिला असता तर सुटला असता.

तो मालकाशी अरबीत काहीतरी बोलला. मग आमच्याकडे वळला, सरांना ओलांडून वहिनींकडे, आणि तेच मराठीत सांगितलं. "डाव्या काठानं अजून खोल पाणी होतं. मला ठाव होतं. मी मधून घातली."

मालकाने किल्लीसाठी हात पुढे केला. अशरफचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मालकाच्याच नावावर, त्याने तो रद्द केला असता तर परतीचं विमानच होतं. तसं झालं नाही, पण बोट गेली.

वहिनींना तीन टाके पडले. "त्याने खरं सांगितलं म्हणून टाके दुखायचे राहतात का?" असं त्या मला म्हणाल्या. सर ऑफिसात त्या दिवसाचा विषय निघाला की उठून जातात.

डिसेंबरात मी खैरानला गेले, तेव्हा अशरफ मालकाच्याच धक्क्यावर पालथ्या घातलेल्या एका बोटीचा तळ खरवडत होता.

"कबूल का केलंत?" मी विचारलं.

"त्या बाईचं रगत निघालं. तिनं माझं काय वाईट केलं होतं?"

"आणि सरांची माफी?"

"त्याची?" तो थुंकला. "नाय."

मालक येत्या फेब्रुवारीपासून बोट परत त्याच्या हाती द्यायला तयार होता. अशरफने एक अट घातली होती, खोरात जायचं की नाही ते तांडेल ठरवणार, फोनवरचा माणूस नाही. मालकाने अजून होकार दिला नव्हता. अशरफ खरवडत राहिला.