काकूंची सनरूम

इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, आमच्या शेजारी एक निवृत्त डॉक्टर काका आणि त्यांच्या पत्नी, काकू, राहतात. काकू हळू बोलतात आणि भाजी कुठली करायची हेसुद्धा काकांना विचारून ठरवतात. मागच्या महिन्यात काकूंनी सनरूमचं, म्हणजे घराला जोडलेल्या ऊन खायच्या खोलीचं, काचेचं जुनं छप्पर काढून थंडी अडवणारं पक्कं छप्पर घालून घेतलं. मला वाटलं, कुंड्यांसाठी असेल.

काल बघायला गेले. आत कुंडी एकही नव्हती. पलंग होता, शेगडी होती आणि घराकडच्या दाराला कडी घातलेली होती.

"आता बाराही महिने मी इथेच राहणार," काकू म्हणाल्या.

"आणि काका?"

"ते तिकडे. बेचाळीस वर्षं झाली, पुरे."

तेवढ्यात दारापलीकडून काकांनी हाक मारली, मग दार ठोठावलं.

काकूंनी शांतपणे मला विचारलं, "चहात साखर किती घालू?"