वाघदेवाला सोडलेली पट्टी

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. लोक देवाची गोष्ट सांगायला बसले की पहिल्यापासून हात जोडून बसतात. मला ते जमायचं न्हाई. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मी वाघदेवाच्या दगडासमोर उभी राहून त्याला नको नको ते बोलले होते आणि शेंदूर लावायचं बंद केलं होतं. देवाची सेवा आमच्या घराकडं होती. नवरा होता तोवर तो करायचा. तो हिवतापानं गेला आणि काम माझ्या गळ्यात पडलं. राग धरला म्हणून काम सुटत न्हाई. दिवा तेवढा लावायचे, तोही तोंड फिरवून.

आम्ही भिल्ल. भोकरदनच्या वरच्या अंगाला डोंगर सुरू होतो, तिथं आमची वाडी. राज्य निजामाचं, पण आमच्या आज्या-पणज्यांच्या वेळेला राज्य कुणाचं होतं हे वाडीत कुणाला सांगता यायचं न्हाई. त्यांनी घाट राखला, येणाऱ्या-जाणाऱ्याला सुखरूप खाली उतरवलं आणि पायथ्याची शेतं कसली. आमचं सगळं तोंडी. तंटा झाला की वाडीचे पंच बसायचे, दोन्ही बाजू ऐकायचे, शीव ठरवायचे, आणि ठरलं ते सगळ्यांवर बांधील. त्याच पंचांनी फार मागं एक रीत घालून दिली होती. शेतं आणि डोंगर यांच्यामधली एक पट्टी वाघदेवाच्या नावानं सोडायची. तिच्यात औत घालायचं न्हाई, विळा घालायचा न्हाई, वाळकी काटकीसुद्धा उचलायची न्हाई. पेरणीला औत पट्टीच्या कडेला आलं की उचलून माघारी वळवायचं. शेतांच्या तिन्ही अंगांनी ती पट्टी फिरलेली होती. वाघानं तिच्या पलीकडं राहावं, आम्ही अलीकडं, असा तो करार होता म्हणा ना.

आणि त्या पट्टीनंच आमचा घात केला. जंगलखात्याची माणसं नवी हद्द ठरवायला आली. त्यांच्यातला नाकेदार पट्टीत शिरला, तर गवत कमरेएवढं, पळस-धावडे माजलेले. तो म्हणाला, हे तर जंगल. आणि जंगल जर तिन्ही अंगांनी आहे, तर मधली शेतं जंगलाच्या पोटात आहेत. म्हणजे तुम्ही झाडं तोडून आत घुसलात. जमीन तुमची असती तर एवढी काळी माती तुम्ही पडीक कशाला ठेवली असती? त्याला उत्तर द्यायला आमच्याकडं देवाचं नाव तेवढं होतं, आणि ते ऐकून तो हसला. जिल्ह्याचा मोठा साहेब म्हणजे त्या काळी तालुकदार. त्यांच्या दौऱ्यात निकाल होईल, तोवर शेतातून पाय काढायची तयारी ठेवा, असं सांगून तो गेला. जोंधळा तेव्हा नुकता पोटऱ्यात आल्ता.

वाडीचा नाईक म्हणजे माझा धाकटा दीर. त्यानं पंच बसवले. तो म्हणाला, साहेब यायच्या आत गवत जाळू, पट्टी नांगरून टाकू, म्हणजे जंगल कुठं हाये म्हणून विचारायलाच जागा न्हाई. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. घराघरात लेकरं होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण सेवा ज्याच्या घरी, पट्टीबद्दल शेवटचा शब्द त्याचा. मी नको म्हणाले. लोकांना वाटलं, केवढी भक्ती. कसली भक्ती घेऊन बसलात! मला भीती वाटत होती. पट्टीत औत घातलं तर वाघ गोठ्यात येईल, एखाद्या लेकराला उचलून नेईल, आणि वाडी म्हणेल हिनं हो म्हटलं म्हणून. तेवढ्या भीतीपायी मी नको म्हणाले आणि घरी येऊन देवाला बोलले, की तुझ्या हातभर रानापायी आमचं सगळं रान चाललं, तुला काही वाटतं का न्हाई. दगड तो दगड. तो काय बोलणार.

तालुकदारसाहेबांचा डेरा केळना नदीच्या काठच्या आमराईत पडला. निरोप आला की पट्टी ज्याच्याकडं आहे त्यानं येऊन जबानी द्यावी. बाईमाणसानं साहेबासमोर उभं राहायचं हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना पटलं न्हाई, पण रीत त्यांचीच, करतात काय. मला थोडी दखनी बोली यायची. दर सुगीला आम्ही बाया कापूस वेचायला बदनापूरकडं जायचो, तिथं मुसलमान बायांबरोबर एका ओळीत वेचून वेचून ती जिभेवर बसली होती. दीर म्हणाला, वैनी, तुम्हीच बोला, मी मागं उभा राहतो.

आम्ही निघालो आणि वाटेतच मला हिव भरलं. नवऱ्याला घेऊन गेलेला तोच ताप. आधी दात वाजले, मंग अंग तापलं, मंग ऊन कुठं आणि सावली कुठं हेच कळेना. वाट माझ्या पायाखालून आपली आपण मागं सरकत होती आणि मी जागच्या जागीच उभी आहे असं वाटत होतं. डोंगर पाठीशी असायला पाहिजे, तर तो कधी डाव्या हाताला दिसायचा, कधी नदीच्या पाण्यात. कुसळीचे पांढरे तुरे वाऱ्यावर हलत होते आणि मला वाटत होतं, आपण अजून पट्टीच्या कडेनंच चाललोय, ती पट्टी संपतच न्हाई, ती आपल्याबरोबर खाली उतरून आली. मला त्याची भीती वाटली न्हाई. उलट बरं वाटलं. तापात माणसाला काय बरं वाटेल ह्याचा नेम न्हाई.

आमराईत पोचलो तेव्हा पुकारा व्हायला वेळ होता. दीर कुणाला तरी विचारायला गेला आणि मी एका आंब्याच्या बुडाशी आडवी झाले. तंबू पांढरे होते, पण जमिनीला टेकलेत असं काही दिसेना. माणसांचे आवाज विहिरीतून यावेत तसे येत होते. मी मनाशी जबानी जुळवत होते, ती निसटत होती. नाव, वाडी, शेत, देव, पुन्हा नाव. मंग मी दमले आणि सोडून दिलं. देवाला म्हणाले, माझ्यानं न्हाई होत बाबा, तुझं तू बघ. रागानं न्हाई म्हणाले. रागाला ताकद लागते, ती माझ्यात राहिली नव्हती.

तेवढ्यात कुणीतरी माझं डोकं मांडीवर घेतलं. एक म्हातारी मुसलमान बाई होती. हिरवी ओढणी, विटून विटून फिकी झालेली, आणि हातात पाण्याची चामड्याची पिशवी. तिनं पाणी पाजलं. पाण्याला चामड्याचा वास होता, तो मला आत्तासुद्धा आठवतो. ओढणीचं टोक भिजवून तिनं माझ्या कपाळावर धरलं आणि विचारलं, कुठली, कशाला आलीस. मी तुटक तुटक सगळं सांगितलं. पट्टी, वाघदेव, नाकेदार. देवाला सोडली म्हणून आमची न्हाई म्हणतात, खाला, असं तिला मावशी म्हणून सांगताना मला रडू फुटलं. ती ऐकत होती, माझे केस मागं सारत होती. मंग अगदी सहज, भाजी निवडताना बोलावं तसं बोलली.

"पराई चीज अल्ला के नाम पे छोडते नै आता, बेटी. छोडने कू पैले अपनी होना."

एवढंच. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दीर मला हलवत होता, पुकारा झाला होता, आणि कपाळ ओलं होतं.

साहेब वयस्क होते, दाढी पिकलेली, आवाज खालचा. शेजारी त्यांचा पेशकार लिहायला बसलेला. नाकेदारानं आपलं सगळं सांगितलं, आणि ते ऐकताना मलाही क्षणभर पटलं, इतकं बराबर होतं ते. मंग साहेबांनी मला विचारलं, की तिथं कधी औत चाललं का. मी म्हणाले, कधीच न्हाई. दीरानं मागून सुस्कारा टाकला तो मला ऐकू आला. साहेबांनी विचारलं, तुम्हाला ती सोडायचा हुकूम कुणी दिला. मी म्हणाले, आमच्या पंचांनी. तेव्हा नाकेदार मधेच बोलला, सरकारच्या जमिनीवर भिल्लांचे पंच हुकूम करणारे कोण. सगळे माझ्याकडं बघत होते. मला काही जुळवावं लागलंच न्हाई. शब्द तोंडात तयार होते, मी फक्त तोंड उघडलं.

"साहेब, दुसऱ्याची वस्तू देवाला सोडता येती का? माझी गाय मी देवाला सोडीन, शेजारणीची कशी सोडीन? आमच्या म्हाताऱ्यांनी ती जागा देवाला सोडली, कारण ती त्यांची होती. आन् तवापासून आम्ही तिथली काडी उचलली न्हाई. जंगल तोडून खाणारी माणसं आमी असतो, तर सगळ्यात जवळचं, सगळ्यात चांगलं रान बिनतोडीचं ठिवलं असतं का?"

पेशकार माझं बोलणं उर्दूत सांगायला लागला, तर साहेबांनी हातानं त्याला थांबवलं. त्यांना मराठी कळत होती. मंग पेशकाराकडं बघून काहीतरी बोलले, त्यातला वक्फ एवढा शब्द मला कळला. कापूस वेचताना बायांकडून ऐकला होता; देवाच्या नावानं कायमची सोडलेली मालमत्ता. नंतर भोकरदनच्या एका वकिलानं दीराला समजावलं, की त्यांच्या धर्मातसुद्धा तसंच आहे, जे मालकीचं आहे तेच देता येतं. मला तेव्हा हा नियम ठाऊक नव्हता. मी फक्त उभी होते आणि पडू नये म्हणून तंबूची दोरी धरली होती.

साहेब स्वतः वाडीवर आले. घोड्यावरून उतरून शेताच्या बांधानं चालत पट्टीपर्यंत गेले आणि कडेला थांबले. नाकेदार सवयीनं आत शिरला, बुटानं गवत तुडवत, इथून तिथवर हद्द दाखवायला. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "बाहर आओ. किसी की जगह है." तो बाहेर आला. तेवढ्या त्या शब्दांनी माझ्या वाडीतले बापे रडले. आमच्या जागेला कुणीतरी कुणाची तरी जागा म्हटलं होतं, आणि म्हणणारा सरकारचा माणूस होता.

निकाल असा झाला: शेतं वाडीची, पट्टीही वाडीची, तिचं काय करायचं ते वाडीच्या पंचांनी ठरवावं. पट्टीच्या वरचा डोंगर मात्र जंगलात गेला. त्या डोंगरावर आमचे मोह होते, घरागणिक एकेक झाड. माझ्या सासूनं ज्याच्या खालची जमीन जन्मभर झाडून लख्ख ठेवली, तो मोहही गेला. फुलं वेचायला परवानगी लागायला लागली. कृपा झाली म्हणून सगळं मिळालं असं मी सांगणार न्हाई. त्या झाडासाठी मी पोटभर रडले, आणि आजही तिकडं बघवत न्हाई.

त्या म्हातारीचं विचाराल तर मला काही सांगता येत न्हाई. वाडीतल्या बाया म्हणतात देवी आल्ती. दीर म्हणतो, वैनी, तुम्हाला ताप होता. मी बरी झाल्यावर आमराईत जाऊन आले, तर डेरा उठला होता आणि गुरं बसली होती. ती डेऱ्यातल्या कुणाची आई असेल, पाणी वाहणारी असेल, नदीपलीकडची असेल. मी खोदून विचारलं न्हाई. तहान लागली तेव्हा पाणी मिळालं, शब्द नव्हता तेव्हा शब्द मिळाला. कुणाच्या हातानं आला ह्याची चौकशी करणारी मी कोण? तिची ओढणी डोळ्यांपुढं आली की मी जिथं असेन तिथं मान लववते, आणि तिला सुखी ठेव म्हणते. कुणाला म्हणते ते मला ठाऊक न्हाई.

पुढच्या पेरणीची गोष्ट सांगून थांबते. औत पट्टीच्या कडेला आलं आणि दीर थांबला. म्हणाला, वैनी, आता सरकारनंच आपली म्हणून सांगितलं. मोह गेले, लेकरांना दाणा कमी पडंल. अर्धी नांगरली तर देव काही म्हणायचा न्हाई. त्याचं बोलणं मागच्याइतकंच खरं होतं. मी पट्टीकडं बघितलं, आणि मला ती पहिल्यांदाच जमीन म्हणून दिसली. काळीभोर, भुसभुशीत, कधी कुणी न ओरबाडलेली, आणि आमची. वाघाची भीती शोधली, ती सापडली न्हाई. घेतली असती तर मला कुणी बोलणारं नव्हतं. सगळ्या वाडीला पोटापुरतं आलं असतं.

"राहू द्या भाऊजी," मी म्हणाले. "आता आपली हाये. आता देता येती."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि औत उचलून बैल माघारी वळवले. आमच्या कितीक पिढ्यांनी ती पट्टी सोडली, माझ्या नवऱ्यानं सोडली, मीही भिऊन भिऊन सोडत आल्ते. पण द्यायची म्हणून मी ती पहिल्यांदा त्या दिवशी दिली, आणि देऊन झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच बांधावर बसले आणि बैल शेताच्या पार त्या टोकाला जाईपर्यंत उठलेच न्हाई.