दुपारची पेंड

काल सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका दुकानातून भिजवलेल्या सरकीच्या पेंडीचा वास आला आणि मी तिथेच थांबलो.

तीस वर्षांपूर्वी जवळच्याच गोडादऱ्यात मोकळं माळरान होतं. आमची गाय गौरी तिथे चरून संध्याकाळी चार लिटर दूध द्यायची. आमच्या तान्ह्या लेकीला फक्त तिचंच दूध पचायचं. गौरी व्यायल्यावर मी महिनाभर तिला दुपारी घरी बोलावून पेंड घातली आणि मग बंद केली. काही दिवसांत दूध अडीच लिटरवर आलं. मी गुराख्याला बोल लावला.

तो म्हणाला, "दादा, ऊन डोक्यावर आलं की तुमची गाय चरणं सोडून वस्तीकडे पळते. सवय तुम्हीच लावलीत."

एका दुपारी मी तिच्या मागे गेलो. आमच्या दारापाशी ती घुटमळली आणि शेजारच्या नामदेवअण्णाच्या अंगणात शिरली. अण्णा आमच्याच गावचा. सुरतेत मला खोली त्यानेच मिळवून दिली होती. गौरीचं तोंड पेंडीच्या घमेल्यात होतं आणि अण्णा धार काढत होता.

"अण्णा, पोरगी या दुधावर आहे!"

तो उठलाही नाही. "भाऊ, तीच येते. दारात आलेल्या जिवाला उपाशी धाडू का?"

मी गौरीला हाक मारली. तिने कान हलवला, मान वर केली नाही.

गाईला आता मी दोष देत नाही. पण त्याच दिवसांत अण्णा रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचा, लेकीला मांडीवर घ्यायचा आणि म्हणायचा, "वाळली गं पोर."