सासऱ्यांच्या वेबसाइटवरची एक ओळ

माझे सासरे बूट बनवतात, पण जोडीतले दोन्ही बूट सारखे असं त्यांच्या हातून क्वचितच झालं असेल. एक पाय आखूड असलेली माणसं त्यांच्याकडे येतात. एका बुटाचा तळ नेहमीसारखा, दुसऱ्याचा दोन-तीन बोटं उंच, आणि ती उंची बाहेरून कळता कामा नये हा त्यांचा हट्ट. बूट तयार झाला की गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारापासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालायला लावतात. स्वतः मागून, मान वाकडी करून, त्याच्या कमरेकडे बघत चालतात. माणूस जरा एका बाजूला झुकला की बूट परत कामाला. गेली चाळीस वर्षं हेच चाललंय.

असं गिऱ्हाईक गल्लीत थोडंच मिळतं? ते लांबून येतं, शोधत येतं. बायकोनं लग्नाआधी त्यांना वेबसाइटचं एक पान करून दिलं होतं. हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं, बघून डोळे दुखावेत असं. त्यावर दोनच वाक्यं होती : "एक पाय आखूड असेल तर या. माप मी स्वतः घेतो." तेवढ्यावर आठवड्याला दोन-तीन फोन यायचे.

मला ते पान बघवेना. मी पडलो त्याच धंद्यातला. लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणून देतो, वर त्यात होणाऱ्या नेहमीच्या चुकांवर व्याख्यानं झोडतो. एकच शब्द पानभर कोंबू नका, जड फोटो लावू नका, वगैरे. अशा दीडशहाण्याच्या सासऱ्यांचं पान असं असावं? मी ते नव्यानं केलं.

पान अर्धवट असताना लोकांना दिसू नये म्हणून आम्ही त्यात एक ओळ घालतो. वाचणाऱ्याला ती दिसत नाही. ती सर्चला सांगते, हे पान कुणाला दाखवू नकोस. काम संपलं की ती काढायची असते. मी फोटो लावले, अक्षरं सजवली, सासूबाईंकडून शाबासकी घेतली आणि ती ओळ तशीच ठेवून मोकळा झालो.

महिन्याभरानं सासरे म्हणाले, "जावईबापू, फोन येत नाहीत हो."

"नव्या पानाला वेळ लागतो, बाबा. सहा महिने धीर धरा."

हे वाक्य आमच्या धंद्यात सगळ्यांच्या जिभेवर असतं. ते खोटं नाही, म्हणूनच कामचुकार माणसाच्या फार सोयीचं. मी वेबसाइटचं नाव टाइप केलं, पान झोकात उघडलं, मी खूश. ज्याला ते नावच माहीत नाही तो काय टाइप करून येईल, हे तपासायला मला पाच मिनिटं मिळाली नाहीत. व्याख्यानांना मात्र वेळ होता.

सासऱ्यांनी धीर धरला. धरता धरता त्यांनी दोष स्वतःच्या हाताला दिला. पान बदललं त्याच सुमारास त्यांनी एका शिक्षिकाबाईंचा जोड दिला होता. तो बिघडला असणार, बाईंनी चार लोकांत सांगितलं असणार, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. मापाची वही काढून बाईंच्या मापाचं पान पुन्हा पुन्हा बघायचे. एकदा तर बाईंना फोन करून माफी मागितली. बाई म्हणाल्या, "अहो, बूट छान आहेत!" फोन ठेवून सासरे म्हणाले, "मोठ्या मनाच्या आहेत, म्हणून बोलत नाहीत." पुढे ते दुकानात उशिरा जायला लागले. आरी धरली की बोटांकडे संशयानं बघायचे. सासूबाई मला म्हणाल्या, "आता दुकान बंद करायचं म्हणतायत." तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आठव्या महिन्यात ऑफिसात व्याख्यानाची तयारी करत होतो. चांगल्या पानाचा नमुना हवा होता, म्हणून ऐटीत सासऱ्यांचं पान आतून उघडलं. ती ओळ वरच होती. माझ्या व्याख्यानातल्या चुकांच्या यादीतली पहिलीच चूक. मी ती ओळ खोडली आणि कुणाला काही बोललो नाही.

तीन आठवड्यांत फोन सुरू झाले. सासरे गल्लीभर सांगत सुटले, "आमच्या जावईबापूंची करामत! सहा म्हणाले, आठ लागले, पण माणूस शब्दाचा पक्का!" समोरच्या शिंप्यानं माझा हात हातात घेऊन दाबला. मला वाटलं, कुणीतरी एक कानाखाली वाजवली तर बरं होईल.

तरीही गप्पच राहिलो असतो. पण एका दुपारी दुकानात गेलो, तर ते नव्या बुटाचं माप चौथ्यांदा घेत होते. "त्या बाईंसारखं पुन्हा नको व्हायला," म्हणाले. मग मात्र मला राहवेना.

"बाबा, बाईंच्या बुटात काहीच चूक नव्हती. चूक माझी होती." आणि ओळीचं सगळं सांगून टाकलं. धीर धरा म्हणालो ते न बघताच, हेही सांगितलं.

त्यांनी दोन्ही हात समोर धरून उलटसुलट पाहिले. "म्हणजे हात शाबूत आहे माझा," म्हणाले, आणि चक्क हसले. रागावले नाहीत. सुटलो, असं मला वाटलंच.

मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"म्हणजे लोक शोधत होते?"

"हो."

"आठ महिने?"

"हो, बाबा."

त्यांनी समोरचा बूट उचलून उंच तळावरून अंगठा फिरवला.

"मग त्यांनी पायात काय घातलं असेल हो?"

कधी उघडकीला आलंच तर म्हणून मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं जुळवून ठेवली होती. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.